नागपूरच्या फिशटँकमधले आजार: नवख्यांनी काय बघायचं, कशाला हात लावायचा

पहिल्या वर्षी मी आठ ब्लॅक मॉली आणल्या आणि मे महिन्यात त्यातल्या सहा मारल्या. मेल्या असं म्हणता आलं असतं, पण मारल्या मीच. दोघींच्या ओठांवर पांढरट पट्टा दिसला. पांढरं काही दिसलं की पाणी गरम करायचं, असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून हीटर लावला. टाकी आधीच ३२ अंशांवर होती. दीड दिवसात खेळ आटोपला. तो आजार उन्हातच जोर धरणारा होता, आणि मी त्याला आणखी ऊन दिलं.

नागपुरात मासे पाळायचे तर आजारांची नावं पाठ करण्याआधी बाहेर कोणता महिना चालू आहे ते बघायला शिकावं लागतं. आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि डिसेंबर २०१८ मध्ये तोच पारा ३.५ पर्यंत उतरला होता. जगभरच्या सल्ल्यांत '२५ अंश' गृहीत धरलेले असतात. तुमच्या-माझ्या टाकीत ते २५ अंश वर्षातून दोन-तीन महिनेच टिकतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये औषधाची बाटली बरीच उशिरा येते. ती आधी शोधायची घाई करू नका.

पायरी १: दहा मिनिटं नुसतं बघा

सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधी, खाणं टाकायच्या आधी, स्टूल घेऊन समोर बसा. माणूस दिसला की मासे खाण्यासाठी पुढे धावतात आणि अर्धा आजार लपतो. म्हणून पहिली दोन मिनिटं सोडून द्या.

मग बघा. मासा पर (पोहायचे पंख) अंगाला चिकटवून बसलाय का? दगडावर, फिल्टरच्या नळीवर अंग घासतोय का? कल्ले नेहमीपेक्षा भराभर हलतायत का, की एकच कल्ला हलतोय? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय का? पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करतायत का? आमच्या शेजारच्या काकू एकदा कौतुकानं म्हणाल्या, "बघ ना, कसे लाडानं वर येऊन पाणी पितात!" ते लाड नव्हते. खाली श्वास पुरत नव्हता म्हणून ते वर आले होते.

आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: आजारी एकच आहे की सगळे? काल रात्री ठीक असलेले सगळेच मासे सकाळी एकदम बेजार दिसले, तर शंभरातल्या नव्वद वेळा दोष पाण्याचा असतो. एक, मग दोन दिवसांनी दुसरा, मग तिसरा, असं रांगेनं झालं तर संसर्ग. या एका प्रश्नावर माझी बरीच औषधं वाचली आहेत.

पायरी २: पाणी बदला, पण आपल्या नळाला ओळखून

शहराला पाणी येतं ते पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून, शुद्धीकरण होऊन, क्लोरीन घालून. माणसाला ते क्लोरीन चालतं. माशाच्या कल्ल्यांना ते जाळतं, वर फिल्टरच्या स्पंजमधले उपकारी जिवाणूही मारतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. त्या दिवसांत थेट नळाची नळी टाकीत सोडू नका. बादलीत पाणी भरून चोवीस तास उघडं ठेवा, त्यात एअर पंपाचा दगड सोडला तर आणखी बरं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. त्यात मुख्य असतं सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचं 'हायपो' तेच.

बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनची चिंता नाही, पण ते बहुधा जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं असतं. मॉली, गप्पी त्यात खूश असतात. निऑन टेट्रा, डिस्कस कुरकुरतात.

आता अमोनिया. नवीन टाकीत मासे सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जी पटापट मरामरी होते, तिला लोक 'व्हायरस आला' म्हणतात. बहुतेकदा तो अमोनिया असतो. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि खडीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर विष साचत जातं. पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते सांगणारा आकडा) ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच आकडा पाच टक्क्यांच्या आसपास जातो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे पीएच चढलेलं जड बोअरचं पाणी, नवी टाकी आणि एप्रिल महिना हे तिन्ही एकत्र आले की संकट ठरलेलं.

चाचणीचे थेंब विकत मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य दिसायला हवेत. चाचणी नसेल तरी पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, तळातली घाण सायफनच्या नळीनं ओढा आणि एक दिवस उपाशी ठेवा. नळी तोंडानं ओढू नका, कारण पुढे सांगतो. स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. या एवढ्यानं जर मासे संध्याकाळपर्यंत सुधारले, तर लेखाचा बाकीचा भाग आज तुम्हाला लागणार नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. डासांची अगरबत्ती, मशीन, फवारा, यांतली औषधं माशांना अतिशय विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणीची गाडी गल्लीत शिरली की खिडक्या लावा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि धूर विरेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, पंप बंद ठेवा.

पायरी ३: थर्मामीटर बघा, मग कॅलेंडर

दोनशे रुपयांच्या आतला काचेचा थर्मामीटर टाकीत कायम लटकत असू द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नागपुरी घरात रात्री टाकी १८-२० वर येते आणि दुपारी पुन्हा २४ वर चढते. हा झोका माशांची प्रतिकारशक्ती मोडतो. हा व्हाइट स्पॉटचा, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येण्याचा हंगाम. लिटरमागे एक वॉट, या हिशेबानं हीटर घ्या आणि २६ वर लावून विसरा.

मार्चअखेरपासून उलटा कारभार. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना सुमारे ७. त्याच वेळी गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. हा कॉलम्नॅरिसचा (माझ्या मॉली मारल्या तो जिवाणू) आणि गुदमरण्याचा हंगाम. उपाय आपल्या कूलरच्याच तत्त्वावर चालतो. झाकण काढा, वर मच्छरदाणीची जाळी ताणा (मासे उड्या मारतात, मांजरी वाट बघतात) आणि छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका सोडा. कोरड्या हवेत दोन ते चार अंश सहज उतरतात. पाणी रोज आटतं, तेवढंच मुरवलेलं पाणी भरत राहायचं. फार तापलं तर बर्फ केलेली बंद बाटली तरंगवायची, पण तासाला दोन अंशांपेक्षा जास्त उतरवायचं नाही. जूनच्या शेवटी पाऊस आला की हा पंखा निकामी. दमट हवेत कूलर जसा नुसता घाम काढतो, तसंच. तोवर पाणी आपोआप निवलेलं असतं म्हणून बरं.

पायरी ४: आता आजाराला नाव द्या

*व्हाइट स्पॉट, म्हणजे इच.* अंगावर, परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके, प्रत्येक फार तर एक मिलिमीटरचा. एका जानेवारीत मी दहा निऑन टेट्रा आणले. आपल्या दुकानांत मासे बहुतेक कोलकात्याकडून किंवा चेन्नईकडून येतात, थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. थंडीतल्या त्या प्रवासानं ते आधीच गळालेले असतात. तिसऱ्या दिवशी एकाच्या शेपटीवर एक कण दिसला. वाटलं, वाळू असेल. सहाव्या दिवशी सगळ्यांवर मीठ.

या परजीवीचं वागणं कळलं की उपचार आपोआप कळतो. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोसणारा एक सूक्ष्म जीव. तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून खाली पडतो, खडीला किंवा काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकडो पिल्लं करतो. पिल्लं बाहेर पडून पोहत मासा शोधतात, दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. २५ अंशांना हे चक्र साधारण आठवड्याचं, थंड पाण्यात कित्येक आठवड्यांचं. पाणी तापवायचं ते चक्र भराभर फिरावं आणि पिल्लं लवकर बाहेर यावीत म्हणून. ३० अंशांच्या आसपास त्याची वाढही खुंटते.

तर क्रम असा. दर चार-सहा तासांनी एक अंश, असं चढवत ३० वर न्या. एअर पंप दुप्पट करा. खडेमीठ लिटरमागे दोन ग्रॅम, तीन भागांत, दीड दिवसात, दरवेळी मगभर पाण्यात विरघळवून. रोज तळ सायफन करा, कारण कवचं तिथेच पडलेली असतात. तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे होतील. इथेच निम्मे नवखे फसतात. ठिपके गेले म्हणजे आजार खाली खडीत उतरला. शेवटचा ठिपका दिसल्यापासून किमान दहा दिवस उपचार चालू ठेवा. टाकीत कॉरिडोरास किंवा लोच (तळाशी फिरणारे मासे) असतील तर मीठ निम्मं. नाजूक जिवंत वनस्पती या मिठात कुजू शकतात, त्या आधी काढून घ्या.

*कॉलम्नॅरिस.* माझ्या मॉलींचा मारेकरी. हा जिवाणू, पण दिसतो बुरशीसारखा, आणि सगळा घोळ तिथेच. खरी बुरशी कापसाच्या बोळ्यासारखी उभी असते, पाण्याच्या झुळकीनं तिचे तंतू हलतात आणि ती बहुधा जुन्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर बसते. कॉलम्नॅरिस सपाट असतो: ओठांवर राखाडी-पांढरा लेप, किंवा पाठीच्या पराखाली घोड्याच्या खोगिरासारखा फिकट पट्टा, कडेला कधी पिवळसर, कधी लालसर. मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारून बघा, उभे तंतू दिसतात की नाही ते कळतं. बुरशीला मिथिलीन ब्लू चालतं आणि वेळही मिळतो. कॉलम्नॅरिस गरम पाण्यात एक-दोन दिवसांत संपवतो. म्हणून हीटर बंद, पंखा चालू, पाणी २५-२६ कडे हळूहळू, मासा वेगळ्या बादलीत, मीठ, आणि माशांसाठीचं जिवाणूनाशक औषध. घरातली माणसांची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायचा मोह होईल. जड पाण्यातलं कॅल्शियम ते औषध बांधून टाकतं, माशाला फारसं काही मिळत नाही आणि फिल्टरचे जिवाणू तेवढे पोळतात.

*व्हेल्व्हेट.* व्हाइट स्पॉटचा बारीक चुलतभाऊ. ठिपके दिसतच नाहीत, अंगावर सोनेरी-तपकिरी धूळ दिसते, तीही अंधारात टॉर्च तिरका मारला तरच. परजीवी काही अंशी प्रकाशावरही जगतो, म्हणून टाकी झाकून अंधार करायचा, ३० अंशांपर्यंत पाणी, आणि तांब्याचं औषध. तांबं गोगलगाई आणि झिंगे मारतं, म्हणून ते वेगळ्या भांड्यातच.

*शेपटी-पर कुजणं.* कडा पांढऱ्या, फाटक्या. टाकीतल्या भांडखोर माशानं कुरतडलेलं असेल तर कडा स्वच्छ तुटलेली दिसते, कुजलेली धूसर असते. दहापैकी आठ वेळा दोन आठवडे नीट पाणी बदललं की नवीन पारदर्शक पर फुटायला लागतो.

*ड्रॉप्सी.* वरून बघा: खवले उभे राहून मासा सीताफळासारखा दिसतो. हा स्वतंत्र आजार नसून मूत्रपिंड बंद पडल्याची खूण आहे. खोटी आशा दाखवत नाही, फार थोडे वाचतात.

*उलटा पोहणारा गोल्डफिश.* बहुधा बद्धकोष्ठ. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला वाटाणा, चिमटीत चुरून. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, नागपूरच्या उन्हाळ्यात तो मुळात पाहुणाच.

*डोळ्यांना दिसणारे किडे.* अंगातून काडीसारखा लोंबणारा तो अँकर वर्म, चिमट्यानं अगदी मुळाशी धरून ओढायचा. गप्पीच्या गुदद्वारातून डोकावणारे लाल दोरे म्हणजे कॅमॅलॅनस. त्याला लेव्हामिसोल हे जंताचं औषध लागतं आणि उपचार सगळ्या टाकीला करावा लागतो.

*कपाळाला खड्डे.* ऑस्कर आणि डिस्कसची व्यथा. पाणी सुधारा, एकाच प्रकारचं खाणं बंद करा, सोबत मेट्रोनिडाझोल.

आणि सायफन तोंडानं का ओढायचा नाही ते. महिनोन्महिने वाळत जाणारा, पाठ वाकलेला मासा असेल तर माशांच्या टीबीचा संशय घ्या. तो जिवाणू टाकीच्या पाण्यात असतो, म्हणून ते पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि तो माणसाच्या हाताच्या जखमेतून शिरून बरी न होणारी गाठ करू शकतो. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, आणि कधी अशी गाठ आलीच तर त्वचेच्या डॉक्टरांना 'घरी फिशटँक आहे' हे वाक्य आधी सांगा.

पायरी ५: दवाखान्याची बादली आणि औषधाचं गणित

वीस लिटरचा पांढरा टब, कधी साबण न लागलेला. एक छोटा स्पंज फिल्टर, हीटर, लपायला मातीची कुंडी आडवी. खडी नाही, झाडं नाहीत. पाणी मुख्य टाकीतलंच. सजावट नसल्यानं विष्ठा, ठिपके, सगळं उघडं दिसतं. मिथिलीन ब्लूनं टब निळा झाला तरी चालेल, टाकीचं सिलिकॉन एकदा निळं झालं की ते जन्माचं.

दुकानदार म्हणेल, "टाका ना दहा थेंब." किती लिटरला, ते तुम्हाला ठाऊक हवं. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजारानं भागा. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी कागदावर ५५ लिटरच्या वर जाते. वरचा रिकामा भाग, खडी, दगड वजा केले की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. दोन ग्रॅमच्या हिशेबानं मीठ झालं ९० ग्रॅम. चमच्यानं नको, किचनच्या वजनकाट्यावर मोजा. उद्या १५ लिटर पाणी बदललं तर फक्त ३० ग्रॅम परत घालायचं. आटलेल्या पाण्याच्या जागी नवं भरलं तर मीठ अजिबात घालायचं नाही, मीठ उडून जात नाही. मे महिन्यात हे न कळल्यानं लोक आठवड्यात टाकीचा समुद्र करतात.

औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो सगळं शोषून बसतो. दोन औषधं एकत्र करू नका. मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मेलिन असं बाटलीवर असेल तर हातमोजे घाला, वास घेऊ नका, हवा वाढवा, आणि टेट्रा किंवा बिनखवल्यांच्या माशांना निम्मी मात्रा. दोन-चार मासे एकाच लक्षणानं गेले आणि कळेना, तर आपल्या शहरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचं मत्स्यविज्ञान महाविद्यालयही इथेच आहे. तिथे चौकशी करा. सोबत आजारी पण जिवंत मासा आणि वेगळ्या बाटलीत टाकीचं पाणी न्या. सकाळी मेलेला मासा दुपारपर्यंत काही सांगण्याच्या स्थितीत राहत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

वाचणार नाही हे नक्की झालं तर लवंगतेल. थोड्या कोमट पाण्यात दोन-चार थेंब हलवून पांढरं करा, मासा असलेल्या छोट्या भांड्यात हळूहळू ओता. तो झोपतो. मग आणखी घाला आणि कल्ले थांबल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या. संडासात टाकणं, फुटाळ्यात किंवा अंबाझरीत 'देवाच्या भरवशावर' सोडणं, दोन्ही नको. तुमच्या टाकीतला जिवाणू तलावातल्या माशांना का द्यायचा? कुंडीत पुरा, जास्वंदाला चांगलं.

पायरी ६: नवा मासा थेट आत नाही

खरं तर ही पायरी पहिली. पण मासे आणायच्या आधी असले लेख कोण वाचतं?

दुकानात तुम्हाला आवडलेला मासा बघू नका, त्याच्या टाकीतले बाकीचे बघा. एक जरी पर चिकटवून बसला असेल तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका. आणल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग मासा जाळीनं उचलून टबात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. टबाची जाळी वेगळी, सायफन वेगळा. नाल्यातले ट्युबिफेक्स किडे (माशांचं खाणं) किंवा तळ्यातली पाणवनस्पती फुकट मिळते म्हणून आणू नका. त्यासोबत काय येतं ते आधीच वाचलंत.

मुक्काम तीन आठवडे. व्हाइट स्पॉटची दोन-तीन चक्रं एवढ्यात उघडी पडतात. थंडीत टबात हीटर हवाच, नाहीतर चक्र लांबतं आणि एकवीस दिवस फसवे निघतात. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात बारीक 'टे' लिहितो, टेट्रा आले म्हणून. आमच्याकडे त्याच चौकोनांत आईचा दुधाचा हिशेब असतो. गेल्या महिन्यात तिनं दूधवाल्या भाऊंना अर्धा लिटर जास्तीचं विचारलं, 'टे' म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येईना.